वरच्या गल्लीचे नाव

ताश-बुलुनच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बुरुलचाने गाव परिषदेच्या निवडणुकीला उभे राहायचे ठरवले, त्याचे कारण बूट होते. नदीपलीकडच्या वरच्या गल्लीतली मुले रोज सकाळी ओल्या बुटांनी शाळेत येत. वर्गात जाण्याआधी ती स्वयंपाकघराच्या दारात रांग लावत, आणि बुरुलचा एका हाताने लापशी ढवळत दुसऱ्या हाताने बूट घेऊन कोळशाच्या शेगडीभोवती मांडून ठेवी. तळवे आगीकडे, टोके बाहेर. लापशीला बुटांचा वास लागतो अशी खालच्या अंगाच्या मुलांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती.

नदीवरचा लाकडी साकव गेल्या उन्हाळ्याच्या पुरात वाहून गेला. हिवाळाभर मुले बर्फावरून चालत आली. आता थंडी सरत आली होती आणि बर्फ खालून पोखरला जात होता. एके सकाळी पहिलीतला एक पोरगा कमरेपर्यंत आत गेला. बरोबरच्या पोरींनी त्याला दप्तराचे पट्टे धरून ओढून काढले. बुरुलचाने त्याला आपल्या कोटात गुंडाळून शेगडीपाशी बसवले, तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि तो सांगत होता, "मी रडलो नाही हां, विचारा यांना."

त्याच दुपारी ती गाव परिषदेच्या कचेरीत गेली. परिषदेचे प्रमुख काडिर चहा पीत बसले होते. त्यांनी तिलाही चहा ओतला, भाकर पुढे सरकवली, आणि सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "साकव होईल गं. यादीत आहे. पण खरं सांगू का, तुमच्या वरच्या गल्लीतून परिषदेत कुणी येतच नाही. बोलायलाच कुणी नसलं तर यादीतलं काम यादीतच राहतं."

बोलता बोलता गेलेले वाक्य होते ते. पण बुरुलचा ते घरी घेऊन आली.

तिचा नवरा तोकोन हिवाळ्यात मेंढरे घेऊन दूरच्या कुरणावर असे. फोनवर तो म्हणाला, "राहा की उभी. मी काय नको म्हणणार? पण एनेला विचार आधी."

एने म्हणजे त्याची आई झिपार. सगळे गाव तिला एनेच म्हणे. डोळ्यांत पडदा आला होता, कान मंद झाले होते, गुडघे गेले होते, पण घरातले एक पातेलेसुद्धा तिच्या विचाराशिवाय जागचे हलत नव्हते. बुरुलचाने विचारले तेव्हा ती लोकर पिंजत होती.

"परिषदेत बायका बसतात का?"

"बसतात, एने. आता काही जागा बायकांसाठीच असतात."

"बसून काय करतात?"

"बोलतात. हात वर करतात."

"हात वर करायला तू शाळेत होतीस तेव्हाच शिकलीस. बोलायचं कुणापुढं? काडिरपुढं? त्याच्या बारशाच्या बोरसोक-पुऱ्या मी तळल्यात." एनेने लोकर उलटी केली. "दूध कोण काढील?"

"मीच काढीन. बैठक महिन्यातून एकदाच असते."

एनेने पिंजलेल्या लोकरीचा पुंजका बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तो साकव यांनी घातला होता." 'यांनी' म्हणजे तिच्या नवऱ्याने, बुरुलचाच्या सासऱ्याने. एनेच्या तोंडी त्यांचे नाव कधीच येत नसे. कधी 'हे', कधी 'बाहेरचे', कधी 'तोकोनचा बाप'.

बुरुलचा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला पहिल्याच आठवड्यात बजावण्यात आले होते, की सासऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नाही. थोरल्या दिरांचेही नाही. नवऱ्याचेही नाही, पण त्यात थोडी सूट. सासऱ्यांच्या नावात मात्र सूट नाही. त्या नावाचा अर्धा भाग म्हणजे रोजच्या बोलण्यातला 'आयुष्य' या अर्थाचा शब्द होता, तोही तिने टाळायचा. लोक एकमेकांना दीर्घ आयुष्य चिंतत, ती म्हणे, "पुष्कळ दिवस पाहा." गावात नव्या आलेल्या लोकांना वाटे, हिच्या माहेरकडे असेच बोलत असतील.

एकदाच ती चुकली होती. नवी नवरी असताना दारात टपालवाला आला आणि त्याने विचारले, "हे कुणाचं घर?" ती भाकरी थापत होती. हातात पीठ, डोक्यात माहेर. तोंडातून नाव निघून गेले. एने आतून आली, तिच्याकडे पाहिले आणि परत आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस एने तिच्याशी बोलली नाही. पाणी हवे असले तर मांजराला उद्देशून सांगे. शेवटी सासऱ्यांनीच तो गुंता सोडवला. जेवायला बसले असताना त्यांनी पहिली चहाची वाटी स्वतः ओतून सुनेपुढे ठेवली आणि म्हणाले, "घे, मुली." एवढेच. ते तसेच होते. स्वयंपाकघरात येण्याआधी बाहेर मोठ्याने खोकत, म्हणजे सुनेला डोक्यावरचा रुमाल नीट करायला वेळ मिळावा.

ते गेल्यावर गाव परिषदेने वरच्या गल्लीला त्यांचे नाव दिले. साकव त्यांनी बांधला, पहिली दोन पॉपलरची खोडे त्यांनी आपल्या बैलांनी ओढून आणली, म्हणून. गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी लागली. बुरुलचाला आनंदही झाला आणि तिची पंचाईतही झाली. आता ती राहत होती त्या गल्लीचे नाव तिला घेता येत नव्हते. ती आपली 'वरची गल्ली' म्हणे. दवाखान्यात, शाळेत, दुकानात सगळीकडे चाले, कारण विचारणाराही गावातलाच असे आणि त्याला सगळे ठाऊक असे. लिहायची वेळ आली तरी ती 'वरची गल्ली'च लिही. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते, म्हणून लिहिण्याचे तर तिला जास्तच भय होते.

उमेदवारीसाठी काय काय लागते याची तिने चौकशी केली. अर्ज स्वतःच्या हाताने भरायचा. पासपोर्टची प्रत, राहत असल्याचा गावचा दाखला, पोलिसांचा दाखला, बँकेत अनामत भरल्याची पावती, फोटो. हे सगळे तालुक्याच्या गावी निवडणूक कचेरीत द्यायचे. ती एकेक कागद मिळवत गेली आणि निळ्या फायलीत लावत गेली. पोलिसांचा दाखला सगळ्यात उशिरा आला. त्यातच खिंडीत बर्फ कोसळून रस्ता बंद पडला. रस्ता उघडला तो अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी. कचेरी संध्याकाळी सहाला बंद होणार होती.

निघताना एनेने दोन्ही तळवे उघडून तिच्यासाठी दुआ मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि म्हणाली, "जा. आणि तिथं मान खाली घालून उभी राहू नकोस. मान खाली घालायची ती माझ्यापुढं."

तालुक्याला जाणारी गाडी एकच, शेरालीची. शेराली काडिरचा पुतण्या. गाडीत मागे दोन पोती बटाटे आणि एक बांधलेला बोकड होता. बोकड वाटभर बुरुलचाच्या खांद्यावर नाक घासत होता.

"वहिनी, तुम्ही निवडून आलात तर माझ्या गाडीवर कर लावणार का?" शेरालीने विचारले.

"आधी तू बोकडाचं भाडं घेतोस की नाही ते सांग."

"बोकड मत देत नाही, त्याच्याकडून घेतो." तो हसला. मग म्हणाला, "काका म्हणत होते, बुरुलचा उभी राहते हे चांगलंच आहे. पण वरच्या गल्लीची मतं हातची जातील, हे काही त्यांना आवडलेलं नाही."

"काकांना म्हणावं, साकव बांधला असता तर माझंही मत त्यांनाच पडलं असतं."

खिंडीत गाड्यांची रांग लागली होती. बर्फ काढणारे यंत्र पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. बुरुलचा फाइल छातीशी धरून बसली होती. तिने ती उघडली, कागद मोजले, बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा उघडली. एखादा कागद मागे राहिला असेल अशी भीती तिला वाटत होती. जे लिहिलेले आहे ते चुकले असेल असे तिच्या मनातही आले नाही.

कचेरीत पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. खोलीत दोन टेबले. एकावर चिटणीस गुलबारा, राजधानीत शिकून आलेली तरुण बाई. दुसऱ्यावर कचेरीचे प्रमुख आसिलबेक, साठीकडे झुकलेले, पूर्वीचे शाळामास्तर. गुलबाराने फाइल घेतली आणि एकेक कागद काढून तपासत गेली. पासपोर्ट. फोटो. पावती. पोलिसांचा दाखला.  मग गुलबारा अर्जापाशी थांबली.

"एजे," तिने थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे विचारले, "तुम्ही राहता कुठं?"

"ताश-बुलुनमध्ये."

"ते झालं. गल्ली कुठली?"

"वरची."

"वरची म्हणजे? पासपोर्टवर वेगळंच आहे. गावच्या दाखल्यावरही. तुमच्या अर्जात मात्र सगळीकडे 'वरची गल्ली'. ही दोन ठिकाणं आहेत की एक?"

"एकच."

"मग दाखल्यावर काय आहे ते मोठ्यानं वाचा बघू. खात्री करून घेते."

बुरुलचाने दाखल्याकडे पाहिले. मग खिडकीकडे पाहिले.

"वाचता येतं ना?"

"येतं."

"चष्मा राहिला का?"

"नाही."

"मग?"

बुरुलचाने रुमालाची गाठ चाचपली.  गुलबारा वैतागली नव्हती, पण घड्याळाकडे पाहत होती. "एजे, माझं काही म्हणणं नाही. पण पत्ता जुळला नाही तर अर्ज घेता येत नाही. दुसरा कोरा अर्ज देते. एकच उरलाय, जपून लिहा. तीन ठिकाणी पत्ता येतो. तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचा घाला, की झालं. दहा मिनिटांचं काम आहे."

तिने कोरा अर्ज पुढे ठेवला. बुरुलचाने पेन उचलले आणि आपले नाव लिहिले. बापाचे आडनाव तिने लग्नानंतरही ठेवले होते, त्यामुळे तिथे सासऱ्यांचे नाव आडवे येत नव्हते. जन्माचे वर्ष लिहिले. काम, शाळेत स्वयंपाक. गावाचे नाव लिहिले. मग पेन थांबले. ते तसेच थांबून राहिले.

पलीकडच्या टेबलावरून आसिलबेक हे सगळे बघत होते. ते उठून आले, दाखला उचलून वाचला, तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिले आणि हळूच विचारले, "सासऱ्यांचं?"

तिने मान हलवली.

"आहेत?"

"नाहीत. बरीच वर्षं झाली."

"गुलबारा, जरा थांब," ते म्हणाले. "ही नाव घेत नाही. सून आहे."

"पण हे गल्लीचं नाव आहे, बाइके." आसिलबेकना ती थोरल्या भावासारखे बाइके म्हणे.

"गल्लीला त्यांचंच दिलंय." ते खुर्ची ओढून बसले. "माझी आई माझ्या बापाला 'ऐकलंत का' म्हणायची. त्यांच्या कबरीवर पाटी लावली तेव्हाही तिनं ती वाचली नाही. आम्ही म्हटलं, आई, वाच. ती म्हणाली, तुम्ही वाचलंत ना, मला कळलं."

बुरुलचाला आशा वाटली. "बाइके, मग तुम्हीच लिहा ना तेवढं. बाकीचं मी लिहिते."

"लिहिलं असतं. पण अर्ज उमेदवाराच्या हातचा लागतो. मी एक अक्षर घातलं आणि उद्या कुणी तक्रार केली, तर बाद. तुझ्याविरुद्ध तक्रार करणारा कुणी आहे का गावात?"

बुरुलचाला काडिर आठवले. ते वाईट नव्हते, पण त्यांच्या आजूबाजूला कागद वाचणारे पुष्कळ होते. "असेल," ती म्हणाली.

"आणि पत्ता जुळला नाही तरी बाद. मग काय ते तूच ठरव. सहाला मी दार लावणार. एवढं एकच माझ्या हातात आहे, आणि ते मी मागंपुढं करू शकत नाही."

ती पेन तिथेच ठेवून बाहेर आली. व्हरांड्यात गार वारा होता. शेराली पायऱ्यांवर सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. बोकड उतरवून तो मोकळा झाला होता.

"झालं का, वहिनी? अंधार पडायच्या आत खिंड उतरायला हवी."

"नाही झालं."

"काय राहिलं?"

"पत्ता."

"पत्ता? गल्लीचं नाव लिहायला एवढा..." तो बोलता बोलता थांबला. टरफले थुंकली. मग सावकाश हसू त्याच्या चेहऱ्यावर पसरले. "हां. आता कळलं. अरेरे. लिहिलंत तर एने उंबऱ्याच्या आत घेणार नाही, नाही लिहिलंत तर काका खुशीत बोकड कापतील. आज उतरवला तसाच."

"तू गाडीत जाऊन बस."

"बसतो. पण वहिनी, मी कुणाला काही सांगणार नाही हां." असे म्हणतानाच तो ज्या रीतीने हसला, त्यावरून बुरुलचाला कळून चुकले, की ती घरी पोचायच्या आधी ही गोष्ट खालच्या अंगाच्या प्रत्येक चुलीपाशी पोचलेली असेल.

तिला दोन गोष्टी दिसत होत्या आणि दोन्हींचे भय सारखेच होते. एक म्हणजे एनेची पाठ. भिंतीकडे तोंड करून बसलेली, मांजराशी बोलणारी. तेव्हा एने धडधाकट होती, रुसवा धरून पुढे जगायला पुष्कळ दिवस होते. आता तिने रुसवा धरला तर तो सोडवायला कुणी राहिले नव्हते, आणि सोडायला तिच्यापाशी दिवसही नव्हते. दुसरी म्हणजे नदी. वसंत आठवड्यावर आला होता. मुले बर्फावर पाऊल टाकण्याआधी टाच आपटून बघत. ती टाच आपटण्याचा आवाज तिला व्हरांड्यात उभ्या उभ्या ऐकू येत होता.

तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"कोण?"

"मी, एने. बुरुलचा."

"पोचलीस?"

"पोचले."

"दिलेस कागद?"

"एने, एक अडचण आलीय."

"मोठ्यानं बोल."

"अडचण आलीय म्हटलं. ते म्हणतात, अर्जात आपल्या गल्लीचं नाव लिहा. पाटीवर आहे ते. मी 'वरची' लिहिलं होतं, ते चालत नाही."

पलीकडून घरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"त्यांना लिहू दे."

"त्यांच्या हातचं चालत नाही, एने. मीच लिहायला हवं."

 यावेळी टिकटिकही ऐकू येईना; फोन बंद पडला असे बुरुलचाला वाटले. तिने तो कानापासून दूर करून पाहिला. चालू होता.

"एने?"

"आहे. विचार करू दे की नको?" मग म्हणाली, "किती वाजता बंद करतात?"

"सहाला."

"तिथं कोण आहे मोठं?"

"आसिलबेक म्हणून आहेत. म्हातारे होत आलेत."

"म्हातारे होत आलेत म्हणजे माझ्या पोरासारखे. दे त्यांना फोन."

बुरुलचा आत गेली. आसिलबेक आपल्या टेबलावर बसले होते. गुलबारा शिक्के कपाटात ठेवायच्या तयारीत होती. बुरुलचाने फोन पुढे केला. "माझी सासू."

आसिलबेकनी फोन कानाला लावला आणि लगेच दूर धरला. एने बहिऱ्या माणसासारखी मोठ्याने बोले. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होते. दारात शेरालीही येऊन उभा राहिला होता.

"तू कोण?"

"आसिलबेक, एने. कचेरीतला."

"चांगला माणूस आहेस ना?"

"असावा."

"मग ऐक. मी या घरात आले तेव्हा माझी वेणी कमरेखाली होती. आता डोक्यावर रुमाल तेवढा उरलाय. या सगळ्या काळात मी माझ्या नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नाही. त्यांना दफनाला उचलून नेलं तेव्हाही नाही. बायका त्यांचं नाव घेऊन रडत होत्या, मी नुसती रडत होते. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, एने."

"ओमुरकुल," एने म्हणाली. "ओमुरकुल त्यांचं नाव. गल्लीचंही तेच."

 बुरुलचाने डोळे मिटून घेतले होते. शेरालीच्या मुठीत सूर्यफुलाच्या बिया तशाच राहिल्या होत्या.

"ऐकलं, एने," आसिलबेक म्हणाले.  "पण तुम्ही सांगून भागत नाही. लिहायचं तिलाच लागतं."

"ते मला कळलं नाही असं वाटलं का तुला? मी ठार बहिरी नाही, नुसती बहिरी आहे. पहिलं बोलणाऱ्याला दोष लागतो. पहिली मी बोलले. आता तिनं लिहिलं तर ती दुसरी. दुसरीला काही नाही. दे तिला फोन."

बुरुलचाने फोन घेतला. तिने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

"रडू नकोस, कागद भिजेल," एने म्हणाली. "लिही. आणि अक्षर नीट काढ, तुझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे." आणि फोन बंद झाला.

ती टेबलापाशी बसली.  कोरा अर्ज एकच होता, त्यावर डाग पडला असता तर सगळेच गेले असते. तिने हात स्कर्टला पुसला, मनगट टेबलावर टेकवले आणि पहिले अक्षर काढले. ते नाव तिने टपालवाल्याच्या दिवसानंतर तोंडाने काढले नव्हते, हाताने तर कधीच नाही. दुसरे काढले. तिसरे. नाव पुरे झाले तेव्हा तिला दारात कुणी खोकल्यासारखे वाटले आणि तिचा डावा हात आपोआप डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. शेरालीच होता, वाऱ्याने खोकला होता. तिने दुसऱ्या ठिकाणी लिहिले. तिसऱ्या ठिकाणी लिहिताना पेन कोरडे पडले. गुलबाराने चटकन स्वतःचे पुढे केले. शाईचा रंग वेगळा पडला तर चालेल का, असे बुरुलचाने विचारले, आणि गुलबारा म्हणाली, "चालेल, एजे. लिहा तुम्ही, चालेल."

अर्ज तपासला गेला, शिक्का पडला, नोंद झाली. आसिलबेकनी पोच लिहून दिली. त्यांनी दाराची किल्ली उचलली तेव्हा घड्याळाचा काटा अजून सहाच्या अलीकडे होता, पण फारसा नाही.

परतताना शेरालीने एकही बी फोडली नाही. खिंड चढून झाल्यावर म्हणाला, "वहिनी."

"काय?"

"काकांना सांगू का?"

"सांग ना. सांगणारच आहेस. पण आधी एनेनं घेतलं हेही सांग, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल."

"ते नाही सांगणार," शेराली म्हणाला. "ते मला सांगता यायचं नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "माझी आजीही नाव न घेताच गेली." 

घरात एने भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती.  तिने आवाज न करता बंब पेटवला, चहा केला, साय आणि भाकर मांडली, पहिली वाटी एनेच्या उशाशी ठेवली. एने वळली नाही. बुरुलचा वाट पाहत बसली. मांजर उठून एनेच्या पायाशी गेले. आता ती मांजराशी बोलणार, असे बुरुलचाला वाटले.

"गार करून ठेवू नकोस," एने भिंतीकडे बघतच म्हणाली. "उठव मला. गुडघा धरलाय. सकाळपासून तुझी वाट बघतेय."

उठून बसल्यावर तिने चहाचा घोट घेतला. कागदांचे विचारले नाही. दूध कुणी काढले हे मात्र सांगितले. शेजारच्या सुनेने, आणि अर्धे सांडून. नाव घेतल्याबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही नाही. पण रात्री झोपण्याआधी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ तळवे उघडून बसली होती, आणि ती काय मागते आहे, की कुणाची क्षमा मागते आहे, हे बुरुलचाला कळले नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

काही दिवसांनी उमेदवारांची यादी शाळेच्या दारावर लागली. नावे, जन्माचे वर्ष, काम, पत्ता. काडिरचे नाव वर होते, बुरुलचाचे खालून दुसरे. मुले ती मोठ्याने वाचत होती, पत्त्यासकट, आणि बुरुलचा स्वयंपाकघरात शेगडीभोवती बूट मांडता मांडता कानावर रुमाल ओढून घेत होती. नदीचा बर्फ त्याच आठवड्यात फुटला होता. तोकोनच्या थोरल्या भावाने सकाळ-संध्याकाळ घोड्यावरून मुले पलीकडे न्यायला सुरुवात केली होती. एका खेपेला तीन.

दुपारी त्याच घोड्यावर बसून एने नदी ओलांडून आली. पुराच्या दिवसापासून ती अलीकडे आली नव्हती. तिला दोघांनी धरून उतरवले. ती यादीपाशी जाऊन उभी राहिली आणि पडदा आलेले डोळे बारीक करून कागदाकडे बघत राहिली.

"काही दिसत नाही. तुझं कुठं आहे?"

बुरुलचाने तिचे बोट धरून आपल्या नावावर ठेवले.

"हे तुझं. आणि ते?"

बुरुलचाने एनेचे बोट त्याच ओळीत थोडे पुढे नेले. त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठेवले आणि सोडून दिले. एनेने ते बोट स्वतःच शब्दाच्या शेवटापर्यंत नेले, जरा थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून नेले.

"बरोबर लिहिलंय ना?"

"बरोबर आहे, एने."

"चल मग," एने म्हणाली. "माझेही बूट भिजलेत. तुझ्या शेगडीपाशी जागा असेल तर ठेव."